ट्रान्सफॉर्मिंग रोबो मोठेपणी जमवताना आणि त्यांचं परीक्षण लिहिताना काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी ट्रान्सफॉर्मर्सचं, म्हणजे गाडी-विमानांचे रोबो होणाऱ्या खेळण्यांचं, वेड होतं, मधली बरीच वर्षं सुटलं, आता हातात चार पैसे आल्यावर ही खेळणी पुन्हा खुणावू लागली आहेत. सुरुवात कुठून करावी, पैसे कुठे वाया जातात, आणि घेतलेल्या खेळण्यांवर लिहायचं किंवा व्हिडिओ करायचा तर तो दुसऱ्याच्या उपयोगी कसा पडेल?

मी बरीच वर्षं ही खेळणी घेतो, खोलतो, दुरुस्त करतो आणि त्यांवर लिहितो, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

उभा रोबो कसा दिसतो आणि मिटलेली गाडी कशी दिसते, हे जाहिरातीच्या फोटोत कळतं. एकाचं दुसरं होताना काय घडतं ते फोटोत कळत नाही. कुठला भाग कशाखालून सरकतो, बिजागरी कुठे दडवली आहे, शेवटची खुंटी खाचेत बसताना बोटाला काय जाणवतं, यासाठीच तर आपण साधी ॲक्शन फिगर सोडून हे खेळणं घेतो. खरेदी असो वा परीक्षण, निवाडा तिथेच करायचा. जे खेळणं तुम्ही एकदा रोबो करून कपाटात उभं कराल आणि पुन्हा गाडी करायला हात धजावणार नाही, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्याच पैशांत न बदलणारी फिगर जास्त रेखीव मिळते.

थोडा इतिहास सांगतो, कारण आजची बरीच कोडी तिथून आली आहेत. १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले, तेव्हा त्यातली बहुतेक खेळणी नवी नव्हतीच. जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन मालिकांमधून ती घेतलेली होती. डायक्लोन १९८० पासून चालू होती. तिच्यातली वाहनं आत इवलासा चालक बसेल अशा मापाची होती. मायक्रो चेंजची कल्पना वेगळी होती: घरातल्या वस्तू जवळपास खऱ्या मापात घ्यायच्या आणि त्यांचे रोबो करायचे. कॅसेट प्लेअर, पिस्तूल, सूक्ष्मदर्शक वगैरे. नायक ऑप्टिमस प्राइम हा मूळचा डायक्लोनचा 'बॅटल कॉन्व्हॉय', तर साउंडवेव्ह आणि खलनायक मेगाट्रॉन मायक्रो चेंजमधले. आधी खेळणी होती, गोष्ट नंतर रचली गेली; बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. आता लक्षात येईल की ट्रक होणारा ऑप्टिमस आणि हातात मावणारं पिस्तूल होणारा मेगाट्रॉन यांच्या मापाचा मेळ का बसत नाही. दोघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या होत्या. आजचे डिझायनर तोच गुंता सोडवत बसलेत. मेगाट्रॉन पुढे बहुतेकदा रणगाडा का झाला, त्यालाही कारण आहे: खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल विकण्यावर अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी बंधनं आली.

डायक्लोनच्या काही गाड्यांवर जपानी डिझायनर शोजी कावामोरी यांनी काम केलं होतं. १९८२ च्या मॅक्रॉस या जपानी कार्टून मालिकेतलं वाल्किरी लढाऊ विमानही त्यांचंच. टाकातोकू कंपनीने केलेलं तेच वाल्किरी १९८५ मध्ये जेटफायर या नावाने ट्रान्सफॉर्मर्समध्ये आलं. त्यामुळे तुम्हाला पात्रांपेक्षा यंत्रणेत जास्त रस असेल तर एकाच ब्रँडमध्ये अडकू नका. बंदाईची मशीन रोबो मालिका, टाकाराचीच नव्वदच्या दशकातली ब्रेव्ह मालिका, आणि नवी वाल्किरी विमानं, सगळी एकाच कुळातली आहेत. वाल्किरीचं विमान, विमानाला पाय आलेला मधला टप्पा आणि पूर्ण रोबो ही तीनही रूपं नजरेला पटतात, आणि एवढ्या वर्षांत त्या आराखड्याला तोड निघालेली नाही.

आता पहिली खरेदी. नियमित मालिकांमध्ये मापाचे वर्ग असतात: कोअर साधारण ९ सेंटिमीटर, डिलक्स १४, व्हॉयेजर १८, त्यावर लीडर, कमांडर आणि टायटन. इथे नवखा माणूस हमखास फसतो. हे वर्ग किमतीचे आहेत, उंचीचे नाहीत. २०१९ च्या सीज मालिकेपासून लीडर वर्गातले कितीतरी रोबो उंचीला व्हॉयेजरच्या आसपास असतात. जास्तीचे पैसे चिलखताला, ट्रेलरला किंवा जोडसामानाला जातात. म्हणून वर्गाचं नाव वाचून कपाटातली जागा ठरवू नका. टायटनबद्दल एवढंच सांगतो की २०१३ चा मेट्रोप्लेक्स जवळपास दोन फूट उंच आहे आणि त्याचं रूपांतर त्या मानाने साधं आहे. एवढ्या वजनाला सांधे जाड आणि थोडेच ठेवावे लागतात. २०१९ मध्ये आठ हजार आगाऊ मागण्यांचं लक्ष्य ठेवून केलेला युनिक्रॉन तर २७ इंच उंच आहे. अशी खेळणी जमवण्यात आनंद आहे, पण हा छंद शिकायला ती उपयोगाची नाहीत.

शिकायला डिलक्स आणि व्हॉयेजर. २०१८ पासूनची स्टुडिओ सीरिज आणि जनरेशन्सच्या मालिका यांतून तीन अगदी वेगळ्या घडणीचे रोबो घ्या: एक गाडी, एक विमान, एक प्राणी. गाडीत छप्पर आणि काचा कुठे लपवायच्या हा प्रश्न असतो, विमानात पंखांचं काय करायचं हा, आणि प्राण्यात दोन्ही रूपांना हातपाय लागतात हा. तिन्ही हाताळले की आपल्याला कुठल्या प्रकारचं कोडं आवडतं ते आपोआप कळतं. पुढचा संग्रह त्या आवडीवर उभा करा. पात्रांच्या यादीवर उभा केलात तर यादी पूर्ण करण्याचा नाद लागतो, आणि एकच मोल्ड (खेळणं ओतायचा साचा) रंग बदलून, डोकं बदलून परत परत विकला जातो हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे. रंग बदललेलं खेळणं घेण्यात गैर काहीच नाही. १९८४ पासून स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे एकाच एफ-१५ मोल्डचे आहेत आणि तिघे शेजारी उभे केले की छानच दिसतात. फक्त मोल्ड आवडला असेल तरच दुसरा घ्या.

मोठ्या संग्राहकांसाठी काढलेल्या मास्टरपीस (एमपी) मालिकेविषयी सगळेच विचारतात. माझा सल्ला असा की तिच्यातला ऑप्टिमसचा प्रवास आधी नीट समजून घ्या. २००३ चा एमपी-०१ सुमारे ३० सेंटिमीटर उंच, धातूचे भाग भरपूर, हातात घेतला की वजन जाणवतं. २०११ चा एमपी-१० लहान केला, साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या शेजारी गाड्या होणारे रोबो पटतील अशा मापात उभे राहावेत. हे काम शोगो हासुई यांचं. २०१९ चा एमपी-४४ कार्टूनमधल्या आकृतीच्या शक्य तितका जवळ नेला आणि त्यासाठी पॅनेलांची संख्या खूप वाढवली. धातूचा भारदस्तपणा, मापाचा मेळ, चित्राशी साधर्म्य अशा तीन वेगवेगळ्या गोष्टींना त्या त्या वेळी अग्रक्रम मिळाला. मला एमपी-१० सर्वांत जवळचा वाटतो. त्याचं रूपांतर काही फेऱ्यांनंतर हाताला पाठ होतं, पत्रक लागत नाही, आणि तरीही रोबोच्या पाठीवर ट्रकचं ओझं दिसत नाही. एमपी-४४ शेजारी ठेवला की चेहरा आणि बांधा जास्त खरा वाटतो, पण तो बदलायला बसताना वेळ काढून बसावं लागतं. यातलं तुम्हाला काय हवं ते तुम्हीच ठरवा. जुन्या खेळण्यांची ओढ असेल तर टाकारा टोमीची २०२४ मध्ये सुरू झालेली मिसिंग लिंक मालिका बघा: रूप चाळीस वर्षांपूर्वीचं, सांधे आजचे. परतलेल्या माणसासाठी मला ती फार योग्य वाटते.

खेळणं हातात आल्यावर पहिल्या रूपांतराला घाई करू नका. नव्या खेळण्याचे सांधे घट्ट असतात, कडांवर रंग साचलेला असतो, काही खुंट्या खाचेत गरजेपेक्षा जास्त रुतलेल्या असतात. मी आधी कुठलाही भाग न हलवता खेळणं सगळीकडून बघतो आणि पारदर्शक प्लास्टिक कुठे आहे ते शोधतो. गाड्यांच्या काचा आणि बहुतेकदा अख्खं छप्पर एकाच पारदर्शक तुकड्यात ओतून वरून रंगवलेलं असतं. बाहेरून ते गाडीच्या बाकीच्या रंगाचंच दिसतं, म्हणून आतल्या बाजूने उजेडात धरून बघावं लागतं. हे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ. सांधे ज्या साध्या एबीएस प्लास्टिकचे असतात ते थोडं वाकून सावरतं, पारदर्शक तुकडा थेट तडकतो. आणि त्याच तुकड्यातून लोखंडी पिन ठोकून बिजागरी केली असेल तर पिनेभोवती आधीच ताण असतो. अशा पॅनेलला टोकाला धरून उचलायचं नाही. बिजागरीच्या दोन्ही अंगांना बोटं टेकवायची आणि तिथून, हळूहळू, आत-बाहेर करत सैल करायचं. रंगीत प्लास्टिकवर वाकणीपाशी पांढरट रेघ उमटू लागली तर थांबा. ती तुटण्याआधीची सूचना असते. पॅनेल अडत असेल तर दहातल्या नऊ वेळा त्याआधीची एखादी पायरी राहिलेली असते, तेव्हा जोर लावण्याआधी मागे जा.

रंग खरवडला जाण्याचंही तसंच. दोन रंगवलेले पृष्ठभाग घासत जातील अशा जागा पहिल्याच फेरीत हेरून ठेवाव्या. तिथे सरकवताना वरचं पॅनेल किंचित उचलून धरलं की वर्षानुवर्षं रंग टिकतो.

सांध्यांची जात ओळखता आली की अर्धी दुरुस्ती जमते. रॅचेट सांधा कटकट आवाज करत ठरलेल्या टप्प्यांवर थांबतो; जड रोबोच्या मांडीला आणि खांद्याला तो हवाच. घर्षणाचा सांधा कुठेही थांबतो, पण काळाने सैलावतो. चेंडू-वाटीचा सांधा बीस्ट वॉर्स या ट्रान्सफॉर्मर्सच्याच प्राणी-मालिकेच्या खेळण्यांनी १९९६ पासून सर्रास केला आणि त्यामुळे हालचालीत मोठा फरक पडला. तो निसटला तरी तुटत नाही हा त्याचा मोठा गुण. सैल झालेला चेंडू घट्ट करायला पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वार्निश किंवा त्याच जातीचं फरशीचं पॉलिश वापरा. चेंडू वाटीतून काढायचा, पुसून कोरडा करायचा, बारीक ब्रशने एक पातळ थर द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. मगच परत बसवायचा. पुरेसं घट्ट झालं नाही तर दुसरा थर. अनेक जण नेलपॉलिश सुचवतात; त्यातली द्रावकं एबीएसला खातात, म्हणून मी ते टाळतो. सुपरग्लूनेही काम होतं, पण तो चेंडू वाटीबाहेर पूर्ण वाळवला नाही तर सांधा कायमचा चिकटतो, आणि त्याच्या वाफेने शेजारच्या काचेवर पांढरा धूसर थर बसतो. रॅचेटवर यातलं काहीच लावायचं नाही. तिथे प्रश्न आतल्या स्प्रिंगचा किंवा दात्यांचा असतो, त्यासाठी स्क्रू काढून आत बघावं लागतं.

उलट, फार घट्ट सांध्याला सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. कुलूपबिजागऱ्यांना मारायचे पेट्रोलियमवाले फवारे प्लास्टिकच्या जवळ आणू नका, पारदर्शक भागांना त्यांनी तडे जातात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे लॉकिंग द्रवही धातूसाठी असतात, इथे त्यांनी स्क्रूभोवतीचं प्लास्टिक फुटतं. आणि स्क्रू घट्ट करताना पाव फेरा, मग हलवून बघणं, मग हवं तर आणखी पाव फेरा.

जपणुकीत खरा शत्रू उजेड. अतिनील किरणांनी एबीएस पिवळं पडतं, पांढरं आणि करडं प्लास्टिक सगळ्यांत आधी. उष्णतेनेही पडतं, त्यामुळे बंद खोक्यातलं खेळणंही पूर्ण सुरक्षित नसतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा घालवता येतो, पण तो बहुतेकदा परततो. मौल्यवान खेळण्यावर मी हा उपाय करत नाही. रबरी टायर असलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते: मऊ पीव्हीसीतलं तेल बाहेर येतं आणि टायर ज्या कडक प्लास्टिकला टेकलेला असेल ते वितळल्यासारखं होऊन तिथे कायमचा खड्डा पडतो. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर टायर आणि कडक प्लास्टिक यांच्या मध्ये साधा पॉलिथिनचा तुकडा ठेवा. बॅटऱ्या तर काढूनच ठेवा.

जुनं खेळणं विकत घेताना तीन गोष्टी मी आधी विचारतो. क्रोमचा मुलामा किती शिल्लक आहे, कारण तो बोटाने पुसूनही जातो आणि परत चढवणं अवघड. बंदुका, क्षेपणास्त्रं, सुटे पंजे मूळचे आहेत का. १९८४ च्या ऑप्टिमसचे पंजे सुटे होते, त्यामुळे हरवलेले असतात आणि त्या जागी नव्याने ओतलेले बसवलेले असतात. तसं सांगून विकत असतील तर काही हरकत नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: कुठे सोनेरी चमकीचं प्लास्टिक आहे का. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं वापरलेलं ते सोनेरी मिश्रण काळाने इतकं ठिसूळ होतं की हात लावताच भुगा होतो. १९८८ चा जपानी ब्लॅक झराक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तो खोक्यात कधीही न उघडलेला असला तरी आतून तसाच ठिसूळ असतो. अशा खेळण्याचं रूपांतर करायचं नाही, मग माझ्या पहिल्या कसोटीप्रमाणे ते मी घेतही नाही.

पायावर किंवा पाठीवर कोरलेलं साल बघून खेळणं त्या सालचं आहे असं समजू नका. ते साल हक्कनोंदणीचं असतं. नंतर पुन्हा काढलेल्या आवृत्तीवरही तेच राहू शकतं. पुनरावृत्त्यांचा विचार भाव ठरवतानाही करा. लोकप्रिय मास्टरपीस पुन्हा बाजारात येतात आणि तेव्हा मधल्या काळातला चढा भाव कोसळतो. वाट बघण्याची तयारी या छंदात पैशांइतकीच उपयोगी पडते.

नकली आणि विनापरवाना मालाबद्दल लोक एकाच दमात बोलतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकली म्हणजे मूळ मोल्डची हुबेहूब किंवा लहानमोठी करून केलेली नक्कल. तिच्यात सांध्यांचं माप चुकलेलं असतं, प्लास्टिक हलकं असतं, हक्काचा शिक्का पुसलेला असतो. विनापरवाना कंपन्या पात्र दुसऱ्याचं घेतात पण यंत्रणा स्वतः आखतात, आणि त्यातल्या काहींचं काम अतिशय हुशारीचं आहे. कायद्याने ती त्या पात्राची अधिकृत खेळणी नव्हेत, हे लपवायचं कारण नाही. परीक्षण लिहिताना खेळणं परवान्याचं आहे की नाही हे पहिल्या परिच्छेदात लिहा, म्हणजे वाचणारा आपला निर्णय आपण घेईल. नकली मालाचं कौतुक मात्र मी कधी लिहीत नाही. ज्याने महिनोन्महिने बसून ती बिजागरी शोधली त्याचं श्रेय तिथे चोरलेलं असतं.

आता लिहिण्याकडे येतो, कारण प्रश्नाचा तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक परीक्षणं खेळणं आलं त्याच दिवशी होतात. खोकं, खोक्यातली चित्रं, रोबो, गाडी, शेजारी दुसरा रोबो, संपलं. खोक्यावर दोन वाक्यं पुरेत. ज्याला ते खेळणं घ्यायचं आहे त्याला हे हवं असतं: पहिल्या वेळी कुठे अडलो, दहाव्या वेळी तिथे अजून अडतं का, खुंट्या धरून ठेवतात की गाडी उचलली की दार उघडतं, आणि महिन्याभराने मांडी सैल झाली का. म्हणून परीक्षण उशिरा लिहा. निदान सांधे मोकळे होईपर्यंत थांबा. आठवडाभर खेळणं जवळ ठेवून बदलत राहिलात तर जी वाक्यं सुचतील ती पहिल्या दिवशी सुचणं शक्यच नसतं.

पायऱ्यांची संख्या म्हणजे अवघडपणा, ही समजूत सोडून द्या. बारा पायऱ्यांचं खेळणं छळू शकतं आणि चाळीस पायऱ्यांचं सुखाने होऊ शकतं. अवघडपणा येतो तो एकाच वेळी चार पॅनेल जुळवावे लागले की. शेवटी गाडीचं छप्पर, दोन्ही दारं आणि मागची बाजू एकदमच बसवायची असेल आणि एक बसवताना दुसरं सुटत असेल, तर तो आराखड्याचा दोष आहे, आणि तो नेमका कुठल्या जोडावर आहे ते लिहा. चांगल्या आराखड्यात आधी बसलेला भाग पुढच्याला आधार देतो. हे वाचकाला दाखवायचं तर व्हिडिओत अख्खं रूपांतर एका सलग फेरीत, न कापता दाखवा. जिथे अडलात तिथेच कात्री लावली तर बघणाऱ्याच्या कामाचा भाग नेमका गेला.

रोबोच्या अंगावर लोंबणाऱ्या गाडीच्या भागांना आपण किबल म्हणतो. किबल आहे म्हणून गुण कापणं मला मान्य नाही. प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन यांचा ऐंशीच्या दशकातला मोल्ड आठवा: निसान फेअरलेडी झेडचं बॉनेट छातीवर येतं आणि दारं खांद्यामागे पंखांसारखी उभी राहतात. दारं लपवलेली नाहीत, पण त्यांच्यामुळेच ही आकृती अंधुक सावलीतही ओळखता येते. चार दशकं झाली तरी गाडी होणाऱ्या बहुतेक नव्या प्राउलना ते पंख असतातच. याच्या उलट, आत बारीक रोबो आणि बाहेरून गाडीचं अख्खं टरफल घडी करून पाठीवर लादलेलं, असे रोबोही निघतात. समोरून फोटो सुंदर येतो, बाजूने बघितलं की पाठ कोसळते. परीक्षणात बाजूचा आणि मागचा फोटो नसेल तर माझ्या लेखी ते अपुरं आहे.

आणखी एक भेद नीट पाळा: आराखड्याचा दोष आणि त्या एका नगाचा दोष. दोन्ही पायांना डाव्याच मांड्या बसवलेलं खेळणं येऊ शकतं, रंग ओघळलेला असू शकतो, पिन अर्धीच ठोकलेली असू शकते. हे तुमच्या नगाचं दुर्दैव. ते लिहावं जरूर, पण 'माझ्या नगात' असं म्हणून. दुसऱ्या कुणाचा नगही तसाच निघाला असं कळलं तर तीही भर घाला. सगळेच नग एका बाजूला कलत असतील तर तो घोट्याच्या आराखड्याचा दोष, आणि तो ठणकावून सांगावा. कंपनीने जाहिरातीत दाखवलेले फोटो बहुधा हाताने रंगवलेल्या नमुन्याचे किंवा संगणकावरच्या चित्राचे असतात. त्यांच्याशी तुमच्या हातातल्या नगाची तुलना केलीत तर वाचक तुमचे आभार मानतील.

किमतीचा वर्ग लक्षात ठेवून तोला. डिलक्सला बोटं हलत नाहीत म्हणून नावं ठेवू नका, मास्टरपीसला पोकळ हात असेल तर सोडू नका. उंची सेंटिमीटरमध्ये द्या, पण सोबत लोकांकडे हमखास असेल असा एखादा रोबो उभा करा. फोटो रोबोच्या डोळ्यांच्या पातळीवरून आणि थोडं लांबून झूम करून घ्या. फोन जवळ नेला की डोकं आणि छाती फुगून येते आणि पायांचं प्रमाण खोटं दिसतं. दहापैकी किती असे गुण मी देत नाही. ज्याला गुण हवे असतात तो मजकूर वाचत नाही, आणि माझा सगळा उपयोग मजकुरात असतो.

खेळणं फुकट मिळालं असेल तर सुरुवातीलाच सांगा. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने जुन्या लेखाकडे परत जाऊन भर घाला: कुठला सांधा सैलावला, पांढरा रंग पिवळसर झाला का, कपाटातून तो रोबो अजून काढला जातो का. असं फार थोडे जण करतात, आणि जे करतात त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

पहिल्या लेखासाठी नवं काही मागवू नका. जुन्या खोक्यातला, हजारदा बदललेला, एखादं क्षेपणास्त्र हरवलेला रोबो काढा. त्याचं रूपांतर तुम्हाला झोपेतही जमत असेल. ते शब्दांत, एकही चित्र न वापरता, अशा प्रकारे लिहून बघा की ज्याने तो कधी हातात धरलेला नाही त्याला कुठली बिजागरी आधी फिरते ते कळावं. ते जमलं की नव्या खेळण्याचं परीक्षण लिहायला घ्या.